गाडीवरची चव घरी, तीही झटपट: तीन डबे आणि एक कुकर

आमच्या स्टेशनबाहेर वडापावची एक गाडी होती. कॉलेजातून परतताना मी तिथे थांबायचेच, आणि गर्दी असली की बाजूला उभी राहून गाडीवाल्या काकांचे हात बघत राहायचे. डाव्या हाताने पाव उघडायचा, उजव्याने चटणी, मग वडा, वर तळलेली मिरची, कागदात गुंडाळून पुढे. अर्ध्या मिनिटात एक गिऱ्हाईक मोकळं. घरी आईने वडे करायला घेतले की मात्र दीड-दोन तास सगळं घर त्यातच असायचं. असं का, ते मला एका सकाळी कळलं. परीक्षेसाठी लवकर निघाले होते, साडेआठ वाजले असतील. गाडी बंद होती, पण मागच्या पायरीवर काका उकडलेले बटाटे सोलत बसले होते आणि काकू खलबत्त्यात मिरच्या-लसूण कुटत होत्या. गाडी लागायची दुपारी चारला. ज्या वड्याला मी अर्धं मिनिट धरत होते, त्याची तयारी सात-आठ तास आधीच सुरू झालेली असायची.

नव्याने स्वयंपाकाला लागलेल्यांची फसगत नेमकी इथेच होते. संध्याकाळी सातला भूक लागल्यावर चिंच भिजत घालायची, मग बटाटे उकडायला टाकायचे, मग कोथिंबीर निवडायला घ्यायची, आणि नऊ वाजता दमून बाहेरून मागवायचं. म्हणून मी आधी तयारी सांगते, पदार्थ नंतर. तयारी हाताशी असली की भेळ पाच मिनिटांत होते, पावभाजी अर्ध्या-पाऊण तासात, आणि वडापाव पाऊण तासात. पुढच्या मापात वाटी म्हणजे आमटीची, साधारण १५० मिली मावणारी, आणि चमचा म्हणजे पोह्यांचा.

रविवारचा एक तास

तीन चटण्या करायच्या आणि तीन डब्यांत भरून ठेवायच्या: चिंच-गुळाची, हिरवी, आणि लसणाची कोरडी. गाडीवर मिळणारे निम्मे पदार्थ या तिघींवरच उभे असतात.

पहिल्यांदा चिंचेची, कारण तिला निवायला वेळ लागतो. एक वाटी चिंच हातात घेऊन नीट चाचपा; चिंचोका आणि शिरा काढून टाका. पाकिटावर बिनबियांची असं लिहिलेलं असलं तरी चाचपाच, एखादा चिंचोका राहतो आणि तो मिक्सरच्या पात्याची धार घालवतो. चिंचेत बिया काढलेले १०-१२ खजूर, दीड वाटी चिरलेला गूळ आणि अडीच वाट्या पाणी घालून भांडं कुकरमध्ये ठेवा. तीन शिट्ट्या पुरेत. पूर्ण निवल्यावर मिक्सरमधून काढून चाळणीवर गाळा. गाळलेला गर स्टीलच्या पातेल्यात घ्या; चिंच आंबट असल्यामुळे ॲल्युमिनियम किंवा कल्हई गेलेलं पितळ इथे चालत नाही. एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्धा चमचा तिखट, अर्धा चमचा काळं मीठ आणि चवीपुरतं साधं मीठ घालून पाच-सात मिनिटं उकळा. डावावर पातळ थर बसायला लागला की गॅस बंद करा. गरम असताना ती थोडी सैल वाटली पाहिजे, निवल्यावर आपोआप दाट होते. फ्रिजमध्ये तीन आठवडे सहज राहते, फ्रीझरमध्ये तर काही महिने.

चिंच शिजते आहे तोवर लसणाची. एक वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजा आणि लगेच ताटात काढा, कढईतच ठेवला तर तो काळवंडतो. मग दोन चमचे तीळ भाजा. शेवटी तेलाच्या दोन-चार थेंबांवर १५-२० लसूण पाकळ्या परता, त्यांच्यावर डाग पडेपर्यंत. ही पायरी गाळू नका. कच्च्या लसणात पाणी असतं, त्याने चटणी ओलसर होते आणि लवकर खराब होते. सगळं निवल्यावर तीन चमचे तिखट आणि मीठ घालून मिक्सर चालू-बंद, चालू-बंद करत फिरवा. सलग फिरवलात तर खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो. तिखटाचं म्हणाल तर दोन चमचे ब्याडगीचं रंगासाठी आणि एक चमचा झणझणीत, हे प्रमाण मला आवडतं. ही चटणी फ्रिजमध्ये दोन आठवडे चांगली राहते.

हिरवी चटणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात नाजूक. कोथिंबिरीची एक जुडी कोवळ्या दांड्यांसकट घ्या. वास दांड्यांतच जास्त असतो, त्या फेकू नका. मूठभर पुदिन्याची पानं, चार-पाच मिरच्या, आल्याचा छोटा तुकडा, अर्धा चमचा जिरं, दाटपणासाठी चमचाभर डाळं, मीठ, एका लिंबाचा रस. पाण्याऐवजी बर्फाचे तीन-चार खडे टाका. मिक्सर तापला की चटणी काळी पडते, बर्फाने ती हिरवीगार राहते. फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. जास्त झाली तर बर्फाच्या साच्यात गोठवून त्याचे खडे पिशवीत भरून ठेवा. लागेल तेव्हा दोन खडे काढायचे.

शेव, पुऱ्या, फरसाण मात्र विकतच आणा. गाडीवालेही ते बहुतेक विकतच घेतात.

वडापाव, आणि वडा फुटतो का

माझा भाचा नोकरीसाठी बंगळुरूला राहायला गेला. तिथून एका रविवारी त्याचा फोन आला. आवाज अगदी रडवेला.

“मावशी, सगळे वडे तेलात फुटले गं. सारण बाहेर आलं, तेल काळं झालं.”

“बटाटे कसे उकडलेस?”

“सोलून, फोडी करून, पातेल्यात पाण्यात.”

“तिथेच घोळ झाला रे राजा.”

वडा बिघडतो तो बहुतेक वेळा बटाट्यातल्या पाण्यामुळे. सोलून, चिरून पाण्यात उकडलेला बटाटा पाणी पितो. सारण ओलं होतं, तेलात पडल्यावर त्या पाण्याची वाफ होते आणि बाहेर पडायला ती बेसनाचं कवच फोडते. म्हणून बटाटे सालासकट उकडायचे आणि त्यांना पाणी लागू द्यायचं नाही. कुकरच्या तळाशी पाणी, वर भांडं, भांड्यात नुसते कोरडे बटाटे. मोठे असतील तर मधून दोन भाग करा. मध्यम आचेवर चार शिट्ट्या, मग वाफ आपोआप जिरू द्या. हे दहा वड्यांसाठी अर्धा किलो बटाट्यांचं गणित आहे.

कुकर होईपर्यंत ठेचा करून घ्या: सहा हिरव्या मिरच्या, दहा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं. खलबत्त्यात कुटलं तर उत्तम. मिक्सरमध्ये करायचं असेल तर अजिबात पाणी घालू नका आणि जाडंभरडंच ठेवा. चावताना मधूनच मिरचीचा तुकडा दाताखाली आला पाहिजे.

बटाटे सोलून परातीत मोकळे पसरा आणि पंख्याखाली पाच मिनिटं ठेवा. नव्या माणसाला ही पाच मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात, पण वाफेबरोबर उरलंसुरलं पाणी याच वेळात निघून जातं. मग हाताने कुस्करा. पावभाजीच्या मॅशरने पार लगदा करू नका, कारण बटाटा फार घोटला की चिकट होतो. वाटाण्याएवढे खडे राहिले पाहिजेत. छोट्या कढईत दोन चमचे तेल तापवून अर्धा चमचा मोहरी, चांगलं पाव चमचा हिंग, कढीपत्त्याची आठ-दहा पानं आणि ठेचा टाका. ठेच्याचा कच्चा वास गेला की गॅस बंद करून अर्धा चमचा हळद घाला. चढ्या आचेवर हळद करपते. ही फोडणी बटाट्यांवर ओता, मीठ, भरपूर कोथिंबीर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून हलक्या हाताने कालवा. चव बघा. सारण नुसतं खाताना किंचित खारट आणि तिखट लागलं पाहिजे, कारण वर बेसन आणि बाहेर पाव दोन्ही मिळमिळीत असतात. दहा गोळे करून तळव्याने जरासे चपटे करा.

आता पीठ. दोन वाट्या बेसन चाळून घ्या. चाळायचा कंटाळा केला तर गुठळ्या राहतात आणि त्या फोडण्यात दुप्पट वेळ जातो. त्यात अर्धा चमचा मीठ, पाव चमचा हळद, चमचाभर तांदळाचं पीठ. पाणी साधारण एक वाटी लागतं, पण सगळं एकदम ओतू नका. आधी अर्धं घालून घट्टसर फेटा, गुठळ्या मोडल्या की उरलेलं थोडं थोडं. बोट बुडवून वर काढा: बोट दिसेनासं झालं पाहिजे आणि पीठ सावकाश धारेने खाली पडलं पाहिजे. बोट दिसत असेल तर पीठ पातळ, सारण उघडं पडणार. गोळ्यासारखं चिकटून बसलं तर जाड, आतून कच्चं राहणार. तळायला बसण्याआधी कढईतलं चमचाभर कडकडीत तेल आणि अगदी चिमूटभर सोडा घालून ढवळा. सोडा जास्त झाला की वडे तेल पितात. मोह झाला तरी चिमटीवरच थांबा.

तेल पुरेसं तापलं का हे पिठाच्या एका थेंबाने समजतं. थेंब तळाशी जाऊन लगेच वर आला आणि भोवती बुडबुडे आले, तर बरोबर. थर्मामीटर असेल तर १७५ ते १८० अंश. थेंब तळाशीच रेंगाळला तर तेल थंड आहे, तडतडून क्षणात लाल झाला तर जास्त तापलंय. एका वेळी तीन-चारच वडे सोडा, जास्त टाकले की तेल निवतं. वडा कढईच्या कडेने, तेलाच्या अगदी जवळ हात नेऊन अलगद सोडायचा. घाबरून वरून टाकला तरच तेल उडतं. पहिलं मिनिट त्याला झाऱ्याने डिवचू नका, कवच धरू द्या. आवाजाकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला जोरात चर्र होतं, तीन-चार मिनिटांनी तो आवाज मंदावतो, म्हणजे कवचातलं पाणी गेलं. तेव्हा वडा काढायचा.

शेवटचा घाणा काढल्यावर उरलेलं पीठ ओतून देऊ नका. आमचे ते काका पिठात पाच बोटं बुडवायचे आणि कढईवर नुसती झटकायचे. थेंब थेंब तेलात पडून त्यांची कुरकुरीत बुंदीसारखी कणी व्हायची. तुम्हीही तसंच करा, म्हणजे झाला चुरा. तो हाताने चुरडून त्यात लसणाची चटणी मिसळली की गाडीवरच्या कोरड्या लाल चटणीची चव येते, जी नुसत्या खोबऱ्याच्या चटणीला येत नाही. हे मला कळायला बरीच वर्षं लागली. शेवटी त्याच तेलात मिरच्या तळा, पण त्यांना आधी उभी चीर द्या, नाहीतर त्या फुटून तेल उडतं. तळल्या तळल्या वर मीठ भुरभुरा.

पाव भाजायची गरज नाही. ताजा लादी पाव एक बाजू जोडलेली ठेवून मधून कापा. एका अंगाला चिंचेची चटणी, दुसऱ्याला हिरवी, मध्ये कोरडी चटणी सढळ हाताने, मग वडा ठेवून हाताने जरा दाबा. पाव कालचा असेल तर तव्यावर पाण्याचा हबका मारून झाकणाखाली अर्धं मिनिट ठेवा, पुन्हा मऊ होतो. परदेशात लादी मिळत नसेल तर साधे मऊ डिनर रोल घ्या. बर्गरचे गोडसर बन टाळा, त्यांच्या गोडीपुढे चटण्या फिक्या पडतात. (बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द मराठीला पोर्तुगिजांकडून मिळाले, तेव्हा आपल्या या पदार्थानेही मोठा प्रवास केला आहे.)

वडा पावात घालून विकायला सुरुवात करण्याचं श्रेय दादर स्टेशनबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिलं जातं, साल १९६६. ताट नको, चमचा नको, लोकल पकडता पकडता खाता यावं, अशी ही सोय. घाईतल्या माणसासाठीच तो जन्माला आला, म्हणून घरी करताना त्याचा एवढा पसारा होतो हे मला पटत नाही.

पाऊण तासाचा हिशोब असा. आल्या आल्या कुकर लावा. शिट्ट्या होईपर्यंत ठेचा, कोथिंबीर आणि कोरडं पीठ तयार. बटाटे पंख्याखाली असताना फोडणी. गोळे वळताना शेजारी तेल मंद आचेवर तापत ठेवा, पण त्याच्याकडे पाठ करू नका. चटण्या डब्यात आहेतच.

पावभाजी कुकरमध्ये

पावभाजीची गोष्ट मुंबईच्या गिरणी कामगारांशी जोडली जाते. जेवणाची सुट्टी थोडी, त्यामुळे झटकन गिळता येईल अशी मऊ, घोटलेली भाजी आणि पाव. गाडीवर भल्यामोठ्या तव्याच्या कडेला उकडलेल्या बटाट्याचा ढीग रचलेला असतो आणि ऑर्डरप्रमाणे तो मध्ये ओढून घोटतात. घरी तेवढा तवा नसतो, म्हणून कुकर.

चार बटाटे, वाटीभर फ्लॉवर, वाटीभर मटार (फ्रोजन चालतात, फरक पडत नाही) आणि अर्धं गाजर चिरून, बुडेल न बुडेल इतक्या पाण्यात चार शिट्ट्या काढा. इथे बटाट्याला पाणी लागलेलं चालतं. तेवढ्यात सहा-सात काश्मिरी मिरच्या गरम पाण्यात भिजवा आणि आठ लसूण पाकळ्यांबरोबर वाटून घ्या. रंग या वाटणानेच येतो.

पसरट कढईत चमचाभर तेल आणि त्यावर दोन चमचे लोणी घाला. नुसतं लोणी लवकर करपतं, तेलाची सोबत असली की जरा कमी. एक भोपळी मिरची अगदी बारीक चिरून आधी ती परता, कांद्याच्याही आधी. तव्याजवळून जाताना जो वास आपल्याला थांबवतो तो लोण्यात परतलेल्या भोपळी मिरचीचा असतो. मग दोन कांदे, मग लाल वाटण, मग चार पिकलेले टोमॅटो आणि मीठ. टोमॅटोला कडेने तेल सुटेपर्यंत थांबा, यात दहा मिनिटं जातात आणि ती द्यावीच लागतात. दोन चमचे पावभाजी मसाला घालून मिनिटभर परता, शिजलेल्या भाज्या ओता आणि कढईतच मॅशरने घोटा. सैल करायला गरम पाणी वापरा. मंद आचेवर दहा मिनिटं रटरटू द्या. वरून लोण्याचा गोळा, कोथिंबीर, बारीक कांदा आणि लिंबाची फोड. पाव तव्यावर लोणी, चिमूटभर मसाला आणि कोथिंबिरीवर भाजा.

पाच मिनिटांचे पदार्थ

भेळेला गॅस दोनच मिनिटं लागतो, पण एक नियम कडक आहे: सगळं चिरून हाताशी ठेवायचं आणि कालवायचं अगदी शेवटी. चार वाट्या चुरमुरे कढईत दोन मिनिटं कोरडेच गरम करा, सादळले असतील तरी कुरकुरीत होतात. मोठ्या पातेल्यात चुरमुरे, वाटीभर फरसाण, एक कांदा, आधी उकडून ठेवलेल्या बटाट्याच्या फोडी, उन्हाळा असेल तर कैरी. तीन चमचे चिंचेची, दोन चमचे हिरवी, चिमूटभर लसणाची. खालून वर भराभर हलवा, वर शेव आणि कोथिंबीर घाला, आणि माणसं आधी बसलेली असू द्या. भेळ थांबत नाही.

त्याच चटण्यांवर चपट्या पुऱ्या, बटाटा, कांदा आणि शेव रचली की शेवपुरी. पाणीपुरीसाठी लिटरभर उकळून थंड केलेल्या पाण्यात पाच-सहा चमचे हिरवी चटणी, मूठभर पुदिन्याचं वाटण, काळं मीठ, जिऱ्याची पूड आणि लिंबू. अर्धा तास फ्रिजमध्ये मुरू द्या. घरचं पाणी आपण उकळलेलं असतं, म्हणून लहान मुलांना बिनधास्त देता येतं, हा मला घरच्या पाणीपुरीचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

मिसळ मी मुद्दाम शेवटी ठेवली. मटकी आठ-दहा तास भिजवायची, मग फडक्यात बांधून मोड यायला आणखी दहा-बारा तास. ती आयत्या वेळी होत नाही. पण मोड आलेली मटकी फ्रीझरमध्ये छान राहते, तेव्हा एकदाच पाव किलोला मोड आणून दोन पिशव्यांत भरून ठेवा. कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटणही गोठवता येतं. दोन्ही तयार असेल तर उसळ आणि कट अर्ध्या तासात होतो. कटाला तर्री हवी असेल तर फोडणीत तेल हात आखडता न घेता घाला आणि तिखट गॅस बंद करून तापल्या तेलात टाका.

वडे उरलेच तर दुसऱ्या दिवशी याच कटात सोडा. कट उकळता हवा, वडा पाच मिनिटांपेक्षा जास्त बुडवून ठेवू नका, आणि वर फरसाण-कांदा घालून लगेच वाढा. सारण उरलं असेल तर ते डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा: ब्रेडच्या दोन स्लाइसना हिरवी चटणी लावून मध्ये सारण पसरायचं आणि तव्यावर जड झाकणाखाली दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायचं. भाच्याचा ऑफिसचा डबा हल्ली दर सोमवारी हाच असतो.